ए, बी, सी आणि भानुदास

मुकुंदवाडीतल्या आमच्या घराला लागून करमाडच्या शेतातल्या बोअरचा जुना पाईप उभा राहिला आणि त्याच्या टोकाला ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा एरियल चढला, तेव्हा गल्लीतल्या निम्म्या लोकांना वाटलं की आम्ही नवा टीव्ही घेतला. उरलेल्या निम्म्यांना वाटलं की पवारांच्या पोरीला वेड लागलंय. टीव्ही आमचा जुनाच होता, लाकडी शटरचा. वेडाचं म्हणाल तर ते त्याच्या बरंच आधी लागलं होतं. हौशी रेडिओच्या परवान्याची परीक्षा द्यायला मी गेले, तेव्हा त्या खोलीत मी एकटीच मुलगी होते, आणि पेपर वाटणाऱ्या गृहस्थांनी मला दोनदा विचारलं की बरोबर कोण आलंय. मी म्हटलं, पेन आलंय. ते काही हसले नाहीत. मी मात्र पास झाले, मोर्सच्या टिकटिकीसकट, आणि परवान्याचा कागद घरी आला त्या दिवशी मायनं तो देवापुढं ठेवला आणि अण्णांनी तो तिथून उचलून पत्र्याच्या पेटीत ठेवला. देवापुढं उंदीर लागतात, असं त्यांचं म्हणणं.

घर म्हणजे तीन खोल्या एकापुढे एक, वर पत्रे, मागे रेल्वेचे रूळ. मालगाडी गेली की भांड्यांची मांडणी थरथरायची आणि माय न बघता हात वर करून काठावरचा तांब्या आत सरकवायची. मधल्या खोलीत ज्वारीची कणगी होती आणि कणगीशेजारी माझं टेबल. त्याच खोलीत माय येसर करायची. येसर म्हणजे आमच्याकडचं आमटीचं भाजलेलं पीठ. त्यात गहू, बाजरी, हरभऱ्याची डाळ, धने, खोबरं, सगळं वेगवेगळं भाजायचं आणि मग एकत्र दळायचं. ते भाजणं चालू असलं की माझ्या कीबोर्डच्या फटीफटीतून धन्याचा वास यायचा. आमच्याकडे संध्याकाळी भाकरी, येसराची आमटी आणि कांदा असला की कुणी तक्रार करायचं नाही. अजूनही मला त्या आमटीचा वास आला की बोटं आपोआप टाईप करायला लागतात.

अण्णा चिकलठाण्याच्या एका कारखान्यात प्रेसवर होते. लोखंडाचे पत्रे दाबणारी ती यंत्रं दिवसभर धाडधाड चालायची, आणि त्या आवाजानं चाळिशीतच अण्णांचे कान गेले होते. पूर्ण नाही, पण बरेच. शेती चुलत्याकडं होती, सुटीच्या दिवशी अण्णा करमाडला जाऊन बांधावरून एक फेरी मारून यायचे आणि आठवडाभर त्या फेरीवर जगायचे. त्या कारखान्यानं जुने कॉम्प्युटर मोडीत काढले, तेव्हा अण्णांनी दोन पडदे कीबोर्डसकट भंगाराच्या भावात उचलून सायकलच्या कॅरिअरवर दोन खेपांत आणले. हिरवी अक्षरं उमटायची त्यांच्यावर. "तुझ्या त्या रेडिओला लागतंय म्हणली व्हतीस," एवढंच म्हणाले. माझ्या नादाला ते विरोध करत नव्हते आणि पाठिंबाही देत नव्हते. ते सामान आणून द्यायचे.

तर पॅकेट रेडिओ. आम्ही त्यावर बोलत नव्हतो, लिहीत होतो. पडदा आणि वायरलेस संच यांच्यामध्ये एक डबा असायचा, पुस्तकाएवढा, पुढच्या बाजूला चार लाल दिवे. मी लिहिलेल्या ओळीचं तो डबा छोटं पुडकं करायचा, त्यावर कुणाकडून कुणाला ते घालायचा आणि एका दमात हवेत सोडून द्यायचा. घर्रर्र असा आवाज व्हायचा, अर्ध्या क्षणाचा. समोरच्या गावातला डबा ते पुडकं तपासायचा. शाबूत असलं तर 'मिळालं' असा उलट घर्र करायचा, फाटलेलं असलं तर गप्प बसायचा. मग आमचा डबा थोडा वेळ वाट पाहून तेच पुडकं पुन्हा सोडायचा. हे सगळं एकाच वाटेवरून, म्हणजे एकाच फ्रिक्वेन्सीवर. एक बोलत असला की बाकीच्यांनी थांबायचं. इंटरनेट हा शब्दही तेव्हा आमच्या गावी नव्हता, आणि पैठणला बसलेल्या माणसाचं वाक्य आमच्या कणगीशेजारी हिरव्या अक्षरांत उमटत होतं.

बहुतेकांचे डबे कुणाकडून तरी जोडून घेतलेले, साधे, एका वेळी एकाशीच बोलणारे. आमच्या क्लबाकडं मात्र एक चांगला डबा होता, वर्गणी काढून मागवलेला. त्याला एका वेळी अनेक जण जोडले जाऊ शकत. प्रत्येक जोडणीला तो एक अक्षर द्यायचा. पहिला आला तो ए, दुसरा बी, तिसरा सी. कुणाला लिहायचं त्याआधी उभी रेघ काढून त्याचं अक्षर दाबायचं, की पुढचं सगळं त्याला जाणार. हा डबा माझ्याकडं आला तो केवळ आमच्या पाईपामुळं. आमच्या घरापासून जालन्याची बाजू मोकळी होती. गुलमंडीवर, जिथं क्लबाची बैठक भरायची, तिथं चहूबाजूंनी इमारती. क्लबाचे सेक्रेटरी मुळेकाका यांचं गुलमंडीवर कापडाचं दुकान होतं आणि दुकानाच्या माडीवर आमची बैठक. डबा माझ्याकडं जावा हे त्यांना मनातून रुचलं नव्हतं. पण उंचीपुढं त्यांचा इलाज नव्हता.

जालन्याचं पैठणला ऐकू जायचं नाही, पैठणचं वैजापूरला नाही. माझं मात्र सगळ्यांना जायचं. म्हणून मी मधली. एकाचं वाचायचं, दुसऱ्याला लिहायचं. पहिल्या आठवड्यात मी अक्षर बदलायला विसरले आणि "जेवलास का रे?" हा जो प्रश्न दुसऱ्याच कुणासाठी होता तो जालन्याच्या डॉक्टरांना गेला. डॉक्टर पन्नाशी ओलांडलेले, कडक इस्त्रीचे. तिकडून जरा वेळानं उत्तर आलं, इंग्रजी अक्षरांत मराठी: "हो, जेवलो. आपण?" मी लाजून खुर्चीतून उठले आणि पाणी पिऊन आले. त्या दिवसापासून ओळ लिहिण्याआधी अक्षर मोठ्यानं म्हणायची सवय मी लावून घेतली. माय म्हणायची, "ही पोरगी पुन्हा बालवाडीत गेली."

दुसरी चूक मोठी होती, आणि तीही माझीच, ती कबूल करते. किती जणांना एका वेळी आत घ्यायचं याचा आकडा डब्याला सांगावा लागे. क्लबानं सांगितलं होतं, दोन. त्यापुढं कुणी आला की डबा आपण होऊनच त्याला 'जागा नाही' असं कळवून बाहेर ठेवणार. मला ते कसंतरीच वाटलं. आमच्या घरात दारात आलेल्याला जागा नाही असं कधी कुणी म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. पोस्टमन आला तरी पाणी पिऊन जायचा, कणीस विकणारी बाई चहा घेऊनच उठायची. मी आकडा दहा केला. एका रविवारी खरंच आठ जण आले. मला काय आनंद झाला! आणि मग तासभर कुणाचंच काही हलेना. आठ जणांची पुडकी एकमेकांवर आपटत होती, फाटत होती, पुन्हा सुटत होती. दिवे नुसते पेटलेले. पैठणच्या इंजिनिअरनी एवढंच कसंबसं पोचवलं की, ताई, हे घर आहे का एसटी स्टँड. मी आकडा चारवर आणला. चार मला जमत होते, हे मी पुरतं तपासून पाहिलं होतं, आणि चारच्या खाली मी आणणार नव्हते.

नेहमीचे चार म्हणजे ए जालन्याचे डॉक्टर, बी पैठणच्या धरणावरचे इंजिनिअर, सी वैजापूरचे गणिताचे मास्तर. आणि डी भानुदास. क्रम रोज बदलायचा, पण भानुदास बहुतेक वेळा शेवटचा, कारण त्याला जोडणी मिळायलाच दहादा धडपडावं लागे. करमाडच्या पलीकडं एका घळीत त्याची वस्ती होती. घरचे धनगर. बाप आणि भाऊ अजून मेंढरं घेऊन आठ महिने बाहेर असायचे. हा करमाडात रेडिओ आणि पंपाच्या मोटारी दुरुस्त करायचा. मेंढरांमागं चालताना शिट्टीवर मोर्स पाठ केलेला माणूस तो. दुसऱ्या खेपेला परीक्षा पास झाला. त्याचा डबा त्यानं स्वतः जोडला होता, वीज ट्रॅक्टरच्या बॅटरीवरची, आणि पडदा म्हणजे अण्णांनी आणलेल्या दोनांपैकी दुसरा. तो मीच त्याला दिला. एरियल बांबूला बांधलेला. आणि घळीतून वर यायला त्याच्या आवाजाला इतके कष्ट पडायचे की आमच्या संचावर त्याचा घर्र ऐकू येण्याऐवजी नुसता खरखरल्यासारखा वाटायचा. मायला तो बरोबर ओळखू यायचा. भाकरी थापता थापता म्हणायची, "सुरे, तुझं ते बारक्या आवाजाचं माणूस आलं बघ."

अडचण अशी, की त्याचं पुडकं पाचातून एकदा शाबूत पोचायचं. उरलेले चार प्रयत्न वाट अडवून धरायचे, आणि तेवढा वेळ डॉक्टर, इंजिनिअर, मास्तर सगळे ताटकळत. तक्रारी गुलमंडीला पोचल्या. पुढच्या बैठकीत मुळेकाकांनी विषय काढला. पुण्याहून काही मंडळी आपलं काम पाहायला येणार होती, आणि त्यांच्यापुढं वाट कशी गुळगुळीत धावली पाहिजे हे त्यांनी आम्हाला समजावलं.

"सुरेखा, बेटा, साधी गोष्ट आहे," ते म्हणाले. "त्या करमाडवाल्याला काढून टाक. त्याच्या एकट्यापायी सगळ्यांचा खोळंबा."

"काका, तो क्लबाचा सभासद आहे. वर्गणी भरतो."

"भरतो ना. कोण नाही म्हणतंय? पण मेंढरामागं फिरणाऱ्याला पॅकेट कशाला पाहिजे? बोलू दे की साधं माईकवर. दो बातें करेगा, खुश हो जायेगा."

दोघं-तिघं हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्या खोलीत वयानं सगळ्यात लहान, एकटी मुलगी, आणि चहाचे कपही बहुतेक वेळा मलाच गोळा करावे लागत. मी कप तसेच ठेवले. "काका," मी म्हटलं, "त्यानं डबा स्वतः जोडलाय. या खोलीत स्वतः जोडलेला डबा किती जणांकडं आहे, हात वर करा." तीन हात वर आले. मुळेकाकांचा नव्हता. ते म्हणाले, "जबान फार चालते तुझी." मी म्हटलं, "चालते." आणि जिना उतरले. खाली दुकानात साड्यांच्या घड्या उलगडत बसलेल्या बायका माझ्याकडं बघायला लागल्या, इतके माझे पाय वाजत होते.

पण राग हा काही उपाय नसतो. राग घेऊन मी घरी आले आणि जेवायला बसले, आणि तिथं माय अण्णांशी बोलत होती. अण्णांशी बोलायची तिची एक रीत होती. बहिऱ्या माणसाशी लोक ओरडून, लांबलचक बोलतात. माय तसं करायची नाही. ती एकच गोष्ट सांगायची आणि थांबायची. "येसर संपलंय." अण्णा भाकरीचा तुकडा मोडत म्हणायचे, "व्हय." मग ती पुढचं सांगायची. "दळण टाकायचंय." "व्हय." "उद्याच्याला जाताना न्या." कधी अण्णांचा व्हय यायचा नाही. मग ती आणखी दोन घास होऊ द्यायची आणि तेच, तेवढंच, पुन्हा म्हणायची. घाई नाही, चिडचिड नाही. इतकी वर्षं मी हे बघत होते आणि त्या दिवशी मला पहिल्यांदा ते दिसलं. मी हात न धुताच टेबलाशी गेले. माझा डबा भानुदासला एकामागून एक चार लांब पुडकी सोडत होता आणि चारही पुडक्यांची पोच एकदम मागत होता. त्यातलं एक फाटलं की रांगच मोडायची. मी पुडकं बारकं केलं, वीस अक्षरांचं. एका वेळी एकच. आणि पोच आली नाही तर लगेच पुन्हा नाही, मधे बाकीच्या तिघांना बोलू देऊन मग. भानुदासलाही मी तसंच करायला सांगितलं. त्याचा निरोप तुकड्यातुकड्यानं यायला लागला. सावकाश, पण यायला लागला. आणि बाकीच्यांचा खोळंबाही उरला नाही, थोडा धीर धरावा लागायचा इतकंच.

आज माझ्या फोनमध्ये चाळीस-पन्नास गट आहेत आणि माझी भाची एका अंगठ्यानं माणसं गप्प करते. परवा तिनं तिच्याच मावसभावाला गप्प केलं, का तर तो फार लांब बोलतो. "आत्या, किती सोपंय बघ," म्हणाली. सोपं आहे हे मला माहीत आहे. माझ्याही डब्याला एक शब्द टाईप केला की माणूस तुटायचा. तो शब्द मी सभ्यपणानं, राम राम झाल्यावर वापरायचे, आणि समोरच्यानंही तो वापरायचा. दुसऱ्यानं सांगितलं म्हणून मी तो कधी वापरला नाही. यात मी फार मोठी आहे असं काही नाही, हट्टी आहे. हट्टाला आमच्या घरात कुणी वाईट म्हणत नसे.

मुळेकाकांना मी पत्र लिहून कळवलं की आता चौघंही व्यवस्थित चालतात, येऊन बघावं. त्यांचं उत्तर आलं ते एका ओळीचं: रविवारपर्यंत करमाडची जोडणी बंद करावी, अन्यथा डबा परत घेण्यात येईल. चालतं की नाही हा प्रश्नच नव्हता. मी सांगितल्यासारखं करते की नाही हा प्रश्न होता. मी जोडणी चालूच ठेवली. डबा गेला तर माझ्याकडं पडदा आणि संच उरणार होता आणि मधलं असणं संपणार होतं, आणि ते मला किती हवं होतं हे मी कुणाला सांगितलं नाही. त्या दिवसांत मला दुसरं काही नको होतं. लोक मला माझ्या अक्षरांवरून ओळखत होते, ताई म्हणत होते, माझ्या मधून एकमेकांशी बोलत होते. ते जाईल या विचारानं मी दोन दिवस जेवले नाही, आणि माय काही न विचारता ताट झाकून ठेवत गेली.

रविवारी दुपारी चौघंही आले. पैठणच्या इंजिनिअरनी भानुदासला त्याच्या बांबूच्या एरियलची मापं मागितली होती. घळीतून हा वर येतोच कसा, हे त्यांना कळत नव्हतं. भानुदास ती मापं लिहीत होता, तीसेक ओळी, आणि प्रत्येक ओळ बारक्या तुकड्यांत. सातवी ओळ चालू असताना बाहेर स्कूटर थांबली. मुळेकाका आत आले, हातात दुकानाची मोठी पिशवी आणि पावतीपुस्तक. माय म्हणाली, "बसा की भाऊ, च्या टाकते." ते बसले नाहीत.

"बंद कर," ते म्हणाले. "घेऊन जायला आलोय."

"चौघं बोलतायत, काका."

"मग तोड. चार वेळा एकच शब्द टाईप करायचाय."

"मी नाही तोडणार. बटण मागं आहे. तुम्हाला बंद करायचं असलं तर तुम्ही करा."

हे म्हणताना मी हात कीबोर्डवरच ठेवले. मुळेकाकांनी पिशवी कणगीवर ठेवली आणि टेबलाच्या मागं वाकले. तेवढ्यात आतल्या खोलीतून अण्णा आले. पाहुणा आलाय हे त्यांना दिसलं, काय चाललंय ते कळलं नाही. त्यांनी मायकडं बघितलं. माय म्हणाली, "डबा न्यायला आलेत."

"व्हय."

"भानुदासचं चालू हाय. मेंढरावाला. आपला पडदा दिला त्यो."

"व्हय."

"त्याला मधीच तोडा म्हनतेत."

अण्णांनी भिंतीला टेकवलेली लोखंडी खुर्ची उघडली, टेबल आणि भिंत यांच्यामध्ये, बरोबर बटणासमोर ठेवली आणि तिच्यावर बसले. बहिऱ्या माणसाला आपला आवाज केवढा आहे ते कळत नाही. ते खोलीभर घुमेल असं म्हणाले, "बोलू द्या त्याला. मंग न्या. डबा तुमचाच हाय, आमी काय नाय म्हनत न्हाई."

मुळेकाका सरळ झाले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. पण दुसऱ्याच्या घरात, घरधन्याला खुर्चीतून उठवून हात घालणं त्यांच्या संस्कारात बसणारं नव्हतं. ते बसले. मी उभी रेघ काढली आणि ए ला लिहिलं: डबा आज परत जातोय. भानुदासचं पुरं व्हायचंय. वाट त्याला सोडाल का? तेच बी ला, तेच सी ला. पैठणला त्या मापांची गरज होती, ते थांबणार हे मला माहीत होतं. वैजापूरच्या मास्तरांनी लिहिलं, थांबतो. जालन्याच्या डॉक्टरांचं मात्र सांगता येत नव्हतं. ते मुळेकाकांचे जुने दोस्त, एकमेकांच्या घरी जेवणारे. पहिली तक्रारही त्यांचीच होती. मग ओळ आली: "थांबलो. मुळेंना माझा नमस्कार सांगा आणि त्यांनाही थांबायला सांगा." मी ती मोठ्यानं वाचून दाखवली. मुळेकाकांनी चष्मा काढला, पुसला आणि पडद्याकडं न बघता पुन्हा लावला.

मग फक्त भानुदास होता. तीन जोडण्या उघड्या, तीनही गप्प. एकही तुटलेली नाही. खोलीत त्याच्या त्या बारक्या आवाजाचे तुकडे येत राहिले आणि पडद्यावर बांबूची उंची, तारेची लांबी, गाठ कुठं मारली, चिनीमातीची खुंटी नव्हती म्हणून फुटक्या कपाचा कान कसा वापरला, हे सगळं एकेका शब्दानं उमटत गेलं. मायनं चहा दिला, मग मुरमुरे दिले. मालगाडी गेली. दीड तास लागला. शेवटी त्यानं लिहिलं, "झालं ताई. पोचलं का सगळं?" त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी लिहिलं, "सगळं पोचलं." मी पैठणला पाठवलं. मग एकेकाला राम राम केला, आणि एकेक जण आपणहून गेला. बी गेला, सी गेला, ए गेला. डी सगळ्यात शेवटी. मी बटण बंद केलं, वायरी काढल्या, डबा पदरानं पुसला आणि मुळेकाकांच्या पिशवीत स्वतःच्या हातानं ठेवला.

त्यांनी पावतीपुस्तक उघडलं. कार्बन घातलेली दोन पानं. वस्तूचं नाव, स्थिती, परत घेण्याचं कारण. सगळे रकाने त्यांनी दुकानातूनच भरून आणले होते, त्यांच्या वळणदार अक्षरात. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं: चालविणारीस एकाहून अधिक जोडण्या सांभाळता येत नाहीत.

"सही कर," ते म्हणाले. त्यांचा आवाज आता मऊ होता. "वर्ष-सहा महिन्यांत बघू. पुढच्या वेळी पुन्हा तुझ्याकडंच देता येईल. कागद हा नुसता कागद असतो, बेटा."

मी पेन घेतलं आणि ती ओळ खोडली. नीट, पट्टी धरून खोडली. तिच्याखाली जागा थोडी होती, तिथं लिहिलं: एकालाही तोडलं नाही म्हणून.

"असं लिहिलंस तर डबा परत कधी मिळणार नाही," मुळेकाका म्हणाले. "सांगून ठेवतो."

"व्हय," मी म्हटलं आणि सही केली. पूर्ण नाव, बापाच्या नावासकट. वरचं पान मी फाडून त्यांना दिलं. त्यांनी ते घेतलं, कारण डबा न्यायचा तर पावती नेणं भाग होतं, आणि क्लबाच्या फायलीत ते लावणंही त्यांनाच भाग होतं.

डबा खरोखरच परत मिळाला नाही. खालचं पान अण्णांनी माझ्या हातातून घेतलं, लांब धरून वाचलं आणि परवान्याशेजारी पेटीत ठेवलं. कार्बन नवाकोरा होता, त्यामुळे माझं अक्षर खालीही चांगलं उमटलंय. अजून वाचता येतं.